व्हिडिओ कॉल चालू असतानाच डेस्कटॉप रिस्टार्ट होतो, गेममध्ये मात्र कधीच नाही

काळी_खिडकी

मशीन असं आहे: डेस्कटॉप, सहा कोर-बारा थ्रेडचा प्रोसेसर, ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय, विंडोज ११. वेबकॅम यूएसबीचा, ७२०पी. हेडसेटही यूएसबीच.

त्रास असा: व्हिडिओ कॉल चालू असताना स्क्रीन एकदम काळी पडते, हेडसेटमध्ये शेवटचा आवाज अर्धा सेकंद घरघरतो आणि मशीन आपोआप रिस्टार्ट होतं. निळी स्क्रीन येत नाही. वेळ ठरलेली नाही. कधी दहाव्या मिनिटाला, कधी पन्नासाव्या, कधी दोन दिवस काहीच नाही.

आतापर्यंत केलेलं: विंडोज फॉरमॅट मारून नव्याने टाकलं. ग्राफिक्स ड्रायव्हर साफ काढून नवा टाकला. कॉलचे दोन वेगवेगळे प्रोग्रॅम आणि ब्राउझरमधूनही करून पाहिलं. सगळीकडे तेच. कॉलमध्ये सीपीयूचं तापमान ५८ ते ६४ अंश. चार तास गेम चालवला तर ७८ पर्यंत जातं, पण मशीन जराही अडखळत नाही.

पॉवर सप्लाय बदलू की ग्राफिक्स कार्ड?

तारजोड

सध्या काहीच बदलू नका. तुम्ही दिलेल्या माहितीत दोन गोष्टी मोलाच्या आहेत. वेळ ठरलेली नाही, आणि जड गेम सुरळीत चालतो. उष्णतेचा दोष घड्याळासारखा वागतो. मशीन तापायला लागतो तेवढा वेळ जातो आणि दर वेळी साधारण त्याच टप्प्यावर ते कोसळतं. तुमचं तसं नाही, आणि ६४ अंश म्हणजे काहीच नाही. विंडोज नव्याने टाकूनही फरक पडला नाही, म्हणजे दोष बहुधा विंडोजच्या खालच्या थरात आहे.

आधी नोंदी काढा. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, मग सिस्टीम. उजवीकडे फिल्टर लावून या चार नोंदी शोधा:

कर्नल-पॉवर ४१. ही प्रत्येकाला सापडते आणि प्रत्येक जण तिच्यावरच अडकतो. "मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं", एवढंच ती सांगते. ती परिणाम आहे, कारण नव्हे. तिच्या डिटेल्स टॅबमध्ये बगचेककोड नावाची ओळ असते, ती मात्र वाचा. शून्य असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायला वेळच मिळाला नाही. शून्य नसेल तर तो आकडा दशमान पद्धतीत असतो, हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या पद्धतीत) बदलून घ्यावा लागतो. उदाहरणार्थ २७८ म्हणजे हेक्स ११६, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला. ३०७ म्हणजे हेक्स १३३, म्हणजे कुठला तरी ड्रायव्हर प्रोसेसर धरून बसला. हा बऱ्याचदा वाय-फायचा किंवा स्टोरेजचा निघतो.

इव्हेंट ६००८. मशीन नेमकं किती वाजता पडलं ते यात मिळतं. ४१ वरची वेळ पुन्हा सुरू झाल्यानंतरची असते.

डिस्प्ले ४१०१. ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला, पण सावरला. पडण्याआधीच्या दिवसांत अशा नोंदी दिसल्या तर संशय कार्डाकडे किंवा त्याच्या ड्रायव्हरकडे वळतो.

डब्ल्यूएचईए-लॉगर, क्रमांक १७, १८ किंवा १९. या हार्डवेअरने स्वतः दिलेल्या तक्रारी. १८ म्हणजे न सावरता आलेली चूक, १७ आणि १९ सावरलेल्या. १८ सापडली तर तिचा पूर्ण मजकूर इथे टाका, एकही ओळ गाळू नका.

मशीन गोठलं आणि तुम्ही पॉवर बटण दाबून धरून ते बंद केलं, तर प्रोसेसरच्या आत साठलेली बिघाडाची नोंद पुसली जाते. आपोआप रिस्टार्ट झाल्यावर ती टिकते आणि पुढच्या सुरुवातीला विंडोज ती उचलून लॉगमध्ये लिहितो. तुमचं मशीन आपोआप सुरू होतंय, तेव्हा नोंद असण्याची शक्यता चांगली आहे.

आणि एक विचारायचं राहिलं. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) कधी काही बदललं आहे का? एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर केलेल्या जास्त वेगावर चालवणारी सेटिंग), व्होल्टेज, बूस्ट (प्रोसेसरचा गरजेपुरता वाढणारा वेग), काहीही.

काळी_खिडकी

नोंदी काढल्या. गेल्या तीन आठवड्यांत ४१ नऊ वेळा, नऊही वेळा बगचेककोड शून्य. ४१०१ एकदाही नाही. डब्ल्यूएचईए-लॉगर १८ सात वेळा आहे. मजकूर:

"रिपोर्टेड बाय कंपोनंट: प्रोसेसर कोर. एरर सोर्स: मशीन चेक एक्सेप्शन. एरर टाइप: कॅश हायरार्की एरर. प्रोसेसर एपिक आयडी: ४."

सातपैकी पाच नोंदींत आयडी ४ आहे, दोनमध्ये ५.

बायोसमध्ये एक्सएमपी चालू आहे, रॅम ३६०० वर. शिवाय कर्व्ह ऑप्टिमायझर (कोरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग) सगळ्या कोरना उणे २५. त्यामुळे तापमान उतरलं होतं. त्या वेळी तीस मिनिटं सर्व कोरची स्ट्रेस टेस्ट पास झाली, गेमही चालले, म्हणून याचा संबंध असेल असं वाटलंच नाही.

तारजोड

उत्तर याच ओळींत आहे. पॉवर सप्लाय आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही तूर्त बाजूला ठेवा.

एपिक आयडी म्हणजे थ्रेडचा क्रमांक. तुमच्या प्रोसेसरमध्ये एका कोरचे दोन थ्रेड आहेत, म्हणून आयडीला दोनने भागायचं आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. ४ आणि ५ दोन्ही येतात कोर क्रमांक २ वर. मोजणी शून्यापासून, म्हणजे तो तिसरा कोर. दोष रॅममध्ये असता तर चुका वेगवेगळ्या कोरवर विखुरलेल्या दिसल्या असत्या. सातही वेळा एकच कोर बोट दाखवतोय, हा योगायोग नाही.

आता गेम चालतो आणि कॉल पडतो, असं का? लोक समजतात की जड काम म्हणजे कठीण परीक्षा. व्होल्टेज कमी केलेल्या प्रोसेसरसाठी हे उलटं आहे. गेममध्ये किंवा सर्व कोरच्या स्ट्रेस टेस्टमध्ये बरेच कोर सतत राबतात, एकूण वीज मर्यादेला टेकते, म्हणून प्रोसेसर स्वतःच प्रत्येक कोरचा वेग थोडा खाली आणून एका जागी स्थिर ठेवतो. त्या वेगाला उणे २५ पुरून उरतं. व्हिडिओ कॉलचं काम असं एकसंध नसतं. दर ३३ मिलिसेकंदांनी कॅमेऱ्याची एक फ्रेम येते. ती उलगडायची, पार्श्वभूमी धूसर करायची, पुन्हा दाबून नेटवर्कवर सोडायची. दर १० किंवा २० मिलिसेकंदांनी आवाजाचा तुकडा येतो, त्यातला प्रतिध्वनी काढायचा. समोरच्यांचे व्हिडिओ उलगडायचे. प्रत्येक काम काही मिलिसेकंदांत संपतं आणि कोर पुन्हा झोपतो. म्हणजे एखादा कोर झोपेतून उठून थेट आपल्या सर्वोच्च बूस्टला उडी मारतो, खाली येतो, पुन्हा उडी मारतो, आणि हे सेकंदाला कितीतरी वेळा. व्होल्टेजची शिल्लक सर्वांत कमी असते ती नेमकी त्या टोकाच्या वेगाला. तिथेच तुम्ही कात्री लावली आहे. कर्व्ह ऑप्टिमायझरचा एक अंक म्हणजे ३ ते ५ मिलिव्होल्ट. उणे २५ म्हणजे ७५ ते १२५ मिलिव्होल्टची कपात, आणि तीही सगळ्या कोरना सारखी. एकाच चिपवरचे सहा कोर कधीच सारखे नसतात. कोर २ ला ती झेपत नाही.

फॉरमॅट करूनही काही झालं नाही, त्याचं कारणही हेच. बायोसमधली सेटिंग मदरबोर्डच्या चिपमध्ये असते, डिस्कवर नाही.

पुढे असं करा.

पहिल्यांदा बायोसच्या सगळ्या पानांचे फोनवर फोटो काढा. डिस्क बिटलॉकरने किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शनने बंद असेल तर रिकव्हरी की दुसरीकडे लिहून घ्या, बायोस बदलल्यावर विंडोज ती मागू शकतो. मग लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स, सेव्ह, रिस्टार्ट. विंडोज सुरूच झालं नाही तर घाबरू नका. डिफॉल्टने सीएसएम (जुन्या पद्धतीने विंडोज सुरू करायची सोय) किंवा साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड बदललेला असतो, फोटो पाहून तेवढंच परत लावा. एक्सएमपी आणि कर्व्ह ऑप्टिमायझर दोन्ही बंदच राहू द्या.

नंतर खरी मीटिंग पणाला न लावता चाचणी घ्या. स्वतःच एक मीटिंग उघडा, फोनवरून तिच्यात सामील व्हा, फोनचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवा, नाहीतर आवाज एकमेकांत घुमून शिट्टी वाजेल. कॅमेरा चालू, पार्श्वभूमी धूसर चालू. मधूनमधून स्क्रीन शेअर करा आणि थांबवा. असे ९० मिनिटांचे किमान तीन कॉल. तीन आठवड्यांत नऊ वेळा पडणारं मशीन एका शांत कॉलवरून बरं झालं म्हणता येत नाही.

निळा_तुकडा

वरच्या निदानाशी सहमत आहे, पण पॉवर सप्लाय इतक्या लवकर निकाली काढू नये. ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी सरासरीच्या दुप्पट वीज ओढू शकतं आणि तेवढ्यात सप्लायचं संरक्षण सुटतं. बगचेककोड शून्य तिथेही येतो.

तारजोड

येतो, बरोबर. पण मग गेम आधी पडला असता. कॉलमध्ये कार्ड जवळजवळ रिकामं असतं. दुसरं, सप्लायचं संरक्षण सुटलं की वीज तुटते. बरेच सप्लाय त्यानंतर मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय उठतच नाहीत, आणि वीजच तुटल्यावर प्रोसेसरला डब्ल्यूएचईए १८ मागे ठेवता येत नाही. इथे तर सात नोंदी आहेत. डिफॉल्टवर येऊनही मशीन पडलं आणि १८ ची नोंद नसली, तर सप्लायचा विचार करू. तेव्हा मल्टिमीटरने १२ व्होल्टची तार मोजता येईल. ११.४ ते १२.६ च्या बाहेर गेली तर सप्लाय वाईट. मात्र क्षणिक घसरण मल्टिमीटरला दिसत नाही, तिथे दुसरा सप्लाय लावून पाहणं हाच मार्ग.

दुवा_जोडणारा

हीच तक्रार शोधत येणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं लिहितो, कारण कॉलमध्ये मशीन पडण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि पडण्याची तऱ्हा पाहून निम्मं निदान होतं.

मशीन चालू राहतं, फक्त कॉलचा प्रोग्रॅम बंद पडतो किंवा चित्र गोठतं: बहुतेक कॅमेरा किंवा ग्राफिक्सचं ॲक्सेलरेशन. गोठण्याच्या क्षणी यूएसबी निघाल्याचा टुणटुण आवाज आला का, ते ऐका. आला असेल तर कॅमेरा हबमधून काढून थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला लावा. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधील असतो. बाहेरून वीज न घेणाऱ्या हबवर कॅमेरा, हेडसेट आणि बाहेरची डिस्क तिन्ही लावली तर त्याच ५०० मध्ये तिघांची ओढाताण होते. पॉवर प्लॅनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद करा.

कॅमेऱ्याबरोबर आलेला कंपनीचा ड्रायव्हर संशयास्पद वाटला तर तो काढायची गरज नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेऱ्यावर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ब्राउझ माय कॉम्प्युटर, मग "लेट मी पिक", आणि यादीतून यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस निवडा. तो विंडोजचा स्वतःचा साधा ड्रायव्हर आहे. कंपनीचे फिल्टर आणि रंगसुधारणा जातील, चित्र येत राहील.

निळी स्क्रीन येऊन हेक्स ११६ दिसतो: विंडोज ग्राफिक्सला उत्तर द्यायला २ सेकंद देतो, तेवढ्यात उत्तर आलं नाही की ड्रायव्हर रीसेट करतो. कॉलच्या प्रोग्रॅममधलं आणि ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद करून पाहा. त्याने थांबलं तर कार्डाच्या व्हिडिओ उलगडणाऱ्या भागात किंवा ड्रायव्हरमध्ये दोष आहे. रजिस्ट्रीत ही २ सेकंदांची मुदत वाढवायचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो देणार नाही. त्याने मशीन दोनऐवजी दहा सेकंद गोठतं आणि खरं कारण झाकलं जातं.

लॅपटॉप, तळ भाजतो, पंखा जोरात, दर वेळी वीस-पंचवीस मिनिटांनी बंद: ही उष्णता. तापमान ९५ ते १०० ला टेकलं की प्रोसेसर आधी वेग उतरवतो, तरी भागलं नाही तर मशीन स्वतःला बंद करतं. खात्री करायची एक सोपी युक्ती आहे. पॉवर प्लॅनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा. एवढ्याने टर्बो बंद होतो आणि तापमान बऱ्याचदा दहा-पंधरा अंशांनी उतरतं. कॉल टिकला तर झाकण उघडून हीटसिंकच्या जाळीत साचलेली धूळ काढायची वेळ झाली. हवेचा झोत मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं सोडलं तर ते भलत्या वेगाने फिरतं आणि बेअरिंग जातं.

डंप फाइल (मशीन पडताना विंडोजने लिहून ठेवलेली) असेल तर अंदाजांवर वेळ घालवू नका. विंडोज फोल्डरमधल्या मिनीडंपमधली सर्वांत नवी फाइल विनडीबीजी या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅममध्ये उघडून ॲनालाइझ चालवा. वेगवेगळ्या डंपमध्ये दर वेळी निराळाच ड्रायव्हर दोषी दिसत असेल तर ते सगळे निर्दोष असतात, तिथे रॅम तपासायची.

काळी_खिडकी

डिफॉल्ट्स लावल्या. ९० मिनिटांचे चार कॉल, दोन वेगळ्या दिवशी. एकदाही रिस्टार्ट नाही, नवी १८ नाही, १९ सुद्धा नाही. तापमान कॉलमध्ये ६६ ते ७०, गेममध्ये ८४.

हे ८४ कमी करायला कर्व्ह ऑप्टिमायझर परत लावायचा आहे, पण नीट. पद्धत काय? आणि एक्सएमपी आधी की नंतर?

तारजोड

८४ धोक्याचं नाही, तरी पद्धत सांगतो.

एक्सएमपी आधी. दोन्ही एकदम लावले तर पुढची चूक कोणाची हे कळणार नाही. एक्सएमपी लावून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवा, चारही फेऱ्या. एक चूक दिसली तरी नापास, "एकच तर आहे" असं इथे चालत नाही. नापास झाली तर ३६०० वरून ३४०० वर या आणि पुन्हा चालवा.

ती पास झाल्यावर कर्व्ह ऑप्टिमायझर. "ऑल कोर" सोडून "पर कोर" निवडा. कोर २ ला शून्य ठेवा, बाकीच्यांना उणे १०. आता परीक्षा एकेका कोरची घ्यायची, सगळ्यांची एकदम नाही. कोअरसायक्लर नावाची स्क्रिप्ट प्राइम९५ ही स्ट्रेस टेस्ट एका वेळी एकाच कोरवर चालवते. मोड एसएसई, थ्रेड १, प्रत्येक कोरला ६ मिनिटं. एसएसई आणि एव्हीएक्स हे प्रोसेसरच्या आज्ञांचे संच. एसएसई मुद्दाम, कारण ते हलकं असल्याने कोर आपल्या टोकाच्या वेगापर्यंत पोचतो. एव्हीएक्स निवडलंत तर वेग आपसूक उतरेल आणि परीक्षा सोपी होऊन बसेल. सहा कोरची एक फेरी ३६ मिनिटांची, रात्रभर चालू दिली तर बारा-तेरा फेऱ्या होतात.

जो कोर नापास होईल त्याचा आकडा ५ ने शून्याकडे सरकवा. जे पास होतील त्यांना ५ ने खाली न्या आणि पुन्हा रात्रभर. प्रत्येक बदलाचा आकडा, तारीख आणि निकाल कागदावर लिहा. चार रात्रींनंतर कुठला कोर कुठे होता हे आठवत नाही. शेवटी जो आकडा पास ठरेल त्यातून ३ ते ५ अंक मागे या, ती उन्हाळ्यासाठीची आणि जुन्या होत जाणाऱ्या चिपसाठीची सोय.

निळा_तुकडा

यात भर एवढीच की कोअरसायक्लर पास झालं तरी लॉगमधली डब्ल्यूएचईए १९ महिनाभर बघत राहा. ती सावरलेली चूक असते, मशीन पडत नाही म्हणून कोणी पाहत नाही, आणि ती येऊ लागली की १८ फार लांब नसते.

आणि उद्या कोणाला शुद्ध डिफॉल्टवरही १८ येत राहिली तर क्रम असा: बायोसची नवी आवृत्ती, मग बायोसमध्ये पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल "टिपिकल करंट आयडल" वर, मग प्रोसेसर काढून त्याच्या (किंवा सॉकेटच्या) पिना तिरक्या उजेडात पाहणं. तरीही त्याच कोरवर तीच चूक येत असेल तर तो प्रोसेसर वॉरंटीत बदलून घ्यायचा. सोबत १८ च्या नोंदींचे फोटो जोडा, आयडीची ओळ स्पष्ट दिसेल असे.

काळी_खिडकी

एक्सएमपीवर मेमटेस्टच्या चारही फेऱ्या स्वच्छ. पर कोर लावून पहिली रात्र झाली: कोर २ शून्यावर पास, ०, १, ३ आणि ४ उणे १० वर पास, कोर ५ दुसऱ्या फेरीत चौथ्या मिनिटाला नापास. त्याला उणे ५ केलं आहे, बाकीचे चार उणे १५. आज रात्री पुन्हा लावतो.